ब्रॅक्टनचा ग्रंथ कोणाचा?

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. कायद्याच्या ग्रंथाच्या बाबतीत ही म्हण पाळून चालत नाही. काव्याचा कर्ता अज्ञात राहिला तरी त्यातला रस उणा होत नाही. कायद्याच्या ग्रंथातले वचन मात्र उद्या कोणी तरी न्यायासनापुढे उभे राहून वाचणार असते. त्या वचनावर कोणाची जमीन जाते, कोणाचा वारसा बुडतो, आणि पुढे आपण पाहू त्याप्रमाणे, क्वचित एखाद्या राजाचे मस्तकही जाते. म्हणून ते वचन कोणी लिहिले, कधी लिहिले, मूळचे आहे की मागाहून कोणी घुसडले, हे विचारल्यावाचून गत्यंतर नसते.

प्रस्तुत लेखाचा विषय असा एक ग्रंथ आहे. तो लॅटिन भाषेत आहे आणि त्याच्या नावाचा अर्थ 'इंग्लंडचे कायदे व रूढी' असा होतो. व्यवहारात त्याला कोणी या नावाने ओळखत नाही. सगळे 'ब्रॅक्टन' म्हणतात, जसे आपण 'मनू' म्हणतो किंवा 'मिताक्षरा' म्हणतो. आपल्यापैकी ज्या घरांत वकिलीची परंपरा आहे, तिथल्या जुन्या कपाटांतल्या इंग्रजी पुस्तकांच्या तळटीपांत हे नाव तुम्हाला नक्की सापडेल. तेराव्या शतकातल्या इंग्लंडच्या कायद्याची जी काही माहिती जगाला आहे, तिचा मोठा हिस्सा या एका ग्रंथातून आलेला आहे. आणि हा ग्रंथ ब्रॅक्टनचा नाही, निदान आपण समजतो त्या अर्थाने नाही, असे गेल्या पन्नासेक वर्षांत बहुतेक अभ्यासक मानू लागले आहेत.

हे कसे घडले ते पाहण्यापूर्वी त्या काळचे न्यायदान कसे चाले ते थोडे समजून घेऊ.

इंग्लंडात त्या वेळी कायद्याची एखादी संहिता नव्हती. एखाद्याला जमिनीवरून हुसकून लावले, तर त्याने राजाच्या कचेरीत पैसे भरून एक हुकूमनामा मिळवायचा. त्याला 'रिट' म्हणत. हा शब्द आपल्या उच्च न्यायालयांत आजही चालतो. दुसऱ्या हेन्रीच्या काळी, ११६६ च्या सुमारास, जमिनीच्या ताब्यासाठी एक सोपी वाट निघाली. मूळ मालक कोण या जंजाळात न शिरता बारा स्थानिक माणसांना एवढेच विचारायचे की, या माणसाला अन्यायाने आणि निवाड्यावाचून, अलीकडच्या ठरावीक मुदतीत, ताब्यातून काढले काय? उत्तर 'होय' आले की ताबा परत. राजाचे न्यायाधीश घोड्यावरून गावोगाव फिरत आणि असे दावे निकालात काढीत. प्रत्येक दाव्याची नोंद त्यांचे कारकून मेंढीच्या कातड्याच्या लांब पट्ट्यांवर करीत आणि त्या पट्ट्या वरच्या बाजूला एकत्र शिवून गुंडाळी करून ठेवीत. पेशवाईतले महजर किंवा निवाडपत्रे ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना या गुंडाळ्या परक्या वाटणार नाहीत. दोन्हींकडे वादी कोण, प्रतिवादी कोण, कोणी काय सांगितले आणि शेवटी काय ठरले, एवढेच कोरडेपणाने लिहिलेले असते.

या राजन्यायालयांच्या रीतीवर लिहिलेले पहिले पुस्तक 'ग्लॅनविल' या नावाने ओळखले जाते. ते साधारण ११८७ ते ११८९ या काळातले. रॅनल्फ डी ग्लॅनविल हा दुसऱ्या हेन्रीचा मुख्य न्यायाधिकारी होता आणि ११९० मध्ये धर्मयुद्धात आक्रच्या वेढ्यात वारला. आता गंमत पाहा. हस्तलिखितांच्या मथळ्यात एवढेच लिहिले आहे की, ग्लॅनविलच्या हाती न्यायाचे सुकाणू होते त्या काळात हा ग्रंथ रचला गेला. 'त्याच्या काळात' याचे 'त्याने' कधी झाले ते कोणालाच कळले नाही. त्याचा भाचा ह्युबर्ट वॉल्टर, पुढे मुख्य न्यायाधिकारी झालेला जेफ्री फिट्झपीटर, अशी इतर नावे विद्वानांनी सुचवली. पण निर्णायक पुरावा कोणाच्याच बाजूने नाही. मोठ्या माणसाच्या सावलीत लिहिलेले पुस्तक त्या मोठ्या माणसाच्या नावावर चढते, ही रीत तेव्हापासूनची.

ब्रॅक्टनचा ग्रंथ त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा. आजच्या छापील आवृत्तीत त्याचे चार जाड खंड होतात, आणि तरीही तो अपूर्ण आहे. सुरुवातीला माणसे, वस्तू आणि दावे अशी रोमन कायद्याच्या धर्तीची मांडणी आहे. नंतर गुन्हे, आणि मग अतिशय विस्ताराने जमिनीचे दावे. इतर कोणत्याही समकालीन पुस्तकात नाही अशी एक गोष्ट यात आहे. ग्रंथकर्ता नियम सांगतो आणि लगेच त्याला आधार म्हणून प्रत्यक्ष खटला देतो : अमुक वर्षी, अमुक परगण्यात, अमुक न्यायाधीशापुढे असे ठरले. असे पाचशेच्या आसपास खटले यात आहेत. प्रस्तावनेत हेतूही सांगितला आहे. न शिकलेले, अर्धवट लोक कायदा समजण्याआधीच न्यायासनावर चढून बसतात आणि मनाला येईल तसे निवाडे देतात. म्हणून जुन्या सज्जन न्यायाधीशांचे निर्णय रात्री जागून तपासले आणि एकत्र केले, असा त्याचा आशय आहे. तक्रार तेराव्या शतकातली आहे, हे लक्षात ठेवावे.

आता ज्याच्या नावावर हा ग्रंथ आहे तो हेन्री. तो इंग्लंडच्या नैऋत्येकडील डेव्हन परगण्यातला. त्याच्या गावाचे नाव ब्रॅटन, म्हणून तो हेन्री ऑफ ब्रॅटन. डेव्हनमध्ये या नावाची दोन गावे आहेत आणि नेमके कोणते याचाही वाद आहे. मग 'ब्रॅक्टन' कुठून आले? त्या काळच्या हस्ताक्षरात 'सी' आणि 'टी' ही अक्षरे इतकी सारखी दिसतात की नक्कल करणाऱ्याने जोड 'ट' चा 'क्ट' करून टाकला. मोडी वाचणाऱ्यांना अशा घोटाळ्यांविषयी वेगळे सांगायला नको. म्हणजे ग्रंथाचे रूढ नाव हीच मुळात एका लेखनिकाची चूक. आणि ती आता इतकी मुरली आहे की दुरुस्त करायला कोणी धजत नाही.

हा हेन्री १२४० च्या सुमारास राजसेवेत दिसू लागतो, १२४७ पासून काही वर्षे आणि पुन्हा १२५३ ते १२५७ या काळात राजासमोरच्या न्यायालयात न्यायाधीश म्हणून बसतो, नैऋत्येकडील परगण्यांत दावे चालवतो, १२६४ मध्ये एक्झेटर कॅथीड्रलचा चॅन्सेलर होतो आणि १२६८ मध्ये मरण पावतो. देवगिरीला महादेवराव यादवाच्या पदरी हेमाद्री होता तो हाच काळ, एवढे लक्षात ठेवले की कालखंड डोळ्यांसमोर उभा राहतो. हेन्रीचे दफन एक्झेटरलाच झाले.

ग्रंथ प्रथम छापला गेला तो १५६९ मध्ये, लंडनच्या रिचर्ड टॉटेलच्या छापखान्यात, आणि तो ब्रॅक्टनच्या नावाने. तोवर तीनशे वर्षे गेली होती. छापील पुस्तक वकिलांच्या हाती पडले आणि पुढच्या शतकात ते एकदम राजकारणात उतरले. राजा माणसांच्या अधीन नसला तरी देवाच्या आणि कायद्याच्या अधीन आहे, अशा अर्थाचे एक विधान ग्रंथात आहे. सर एडवर्ड कोक या सरन्यायाधीशाने १६०७ मध्ये पहिल्या जेम्सच्या तोंडावर ब्रॅक्टनचा हा आधार दिला, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सवर खटला चालला, तेव्हा न्यायसभेचा अध्यक्ष ब्रॅडशॉ याने शिक्षा सुनावण्यापूर्वीच्या भाषणात याच ग्रंथाचा हवाला दिला. त्याने एक पाऊल पुढे टाकले. राजाच्या वर देव आहे, कायदा आहे, आणि त्याची सभाही आहे, हे ग्रंथातले दुसरे वचन त्याने काढले. तीन दिवसांनी राजाचा शिरच्छेद झाला.

या दुसऱ्या वचनाकडे आपल्याला परत यायचे आहे. ते इथे नुसते बाजूला ठेवू.

एकोणिसाव्या शतकात ग्रंथकर्त्यावर वेगळाच आरोप आला, चोरीचा. आरोप करणारा माणूस आपल्या इतिहासातलाही आहे : सर हेन्री मेन. १८६२ ते १८६९ या काळात तो कलकत्त्यास गव्हर्नर जनरलच्या मंडळात कायदेविषयक सभासद होता. १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्राचीन कायद्यावरील ग्रंथात त्याने म्हटले की, ब्रॅक्टनने शुद्ध इंग्रजी कायदा म्हणून जे देशबांधवांच्या गळ्यात मारले, त्याचा साचा सगळा आणि मजकूर एक तृतीयांश थेट रोमन कायद्यातून उचललेला आहे. मेनची लेखणी धारदार होती, पण इथे त्याने मोजदाद केलेली दिसत नाही. पुढे फ्रेडरिक विल्यम मेटलंड याने ती केली. बोलोन्याचा रोमन कायद्याचा पंडित अझो याचा ग्रंथ आणि ब्रॅक्टनचा ग्रंथ यांचे उतारे शेजारी शेजारी मांडून त्याने १८९५ मध्ये दाखवले की उसनवारी आहे, पण ती मुख्यतः सुरुवातीच्या भागात. जमिनीच्या दाव्यांचे जे विस्तीर्ण प्रकरण आहे, ते इंग्रजी न्यायालयांच्या गुंडाळ्यांतून उतरले आहे.

मेटलंडचे नाव आले म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण या सगळ्या शोधाचे वळण तिथे आहे. पॉल विनोग्राडॉफ हा मॉस्कोचा तरुण विद्वान ब्रिटिश म्युझियममध्ये जुनी कागदपत्रे चाळत होता. तिथे त्याला एक हस्तलिखित सापडले : सुमारे दोन हजार खटल्यांच्या नकला, आणि समासात कोणाच्या तरी टिपा. त्यातले खटले आणि समासातल्या टिपा ब्रॅक्टनच्या ग्रंथाशी जुळतात, हे त्याच्या ध्यानात आले. १८८४ मध्ये त्याने 'अथेनियम' या नियतकालिकात पत्र लिहून जाहीर केले की ही ग्रंथकर्त्याची टिपणवही असावी. मेटलंडने हा ऐवज तीन खंडांत संपादून १८८७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची सावधगिरी पाहा : पुस्तकाला 'ब्रॅक्टनची टिपणवही' असे नाव देताना त्याने शीर्षकातच म्हटले की टिपा हेन्री ऑफ ब्रॅटनच्या 'असाव्यात असे दिसते'. एका रशियन माणसाने इंग्रजांना त्यांच्या सर्वांत मोठ्या कायदेपंडिताची वही शोधून द्यावी, याचे त्या काळी अनेकांना आश्चर्य वाटले असणार.

टिपणवहीने एक प्रश्न सोडवला आणि दुसरा उभा केला. त्यातले खटले तिसऱ्या हेन्रीच्या राज्याच्या पहिल्या चोवीस वर्षांतले, म्हणजे १२१६ ते १२४० चे. ग्रंथातले खटलेही बहुतांशी त्याच काळातले, आणि तेही मुख्यतः दोन न्यायाधीशांच्या गुंडाळ्यांतले : मार्टिन ऑफ पॅटिशल आणि विल्यम ऑफ रॅले. पॅटिशल १२२९ मध्ये वारला. तो इतका कामसू होता की एका सहकाऱ्याने आपल्याला त्याच्याबरोबर दौऱ्यावर पाठवू नये अशी विनंती केली होती. हा माणूस सूर्योदयाला काम सुरू करतो आणि रात्रीपर्यंत उठत नाही, अशी त्याची तक्रार. रॅले हा आधी पॅटिशलचा कारकून, मग स्वतः न्यायाधीश; तोही डेव्हनचाच. आणि हेन्री ऑफ ब्रॅटन हा रॅलेच्या पदरचा माणूस. अशी ही तीन पिढ्यांची परंपरा होती आणि गुंडाळ्याही त्याच वाटेने एकाकडून दुसऱ्याकडे गेल्या. १२५८ मध्ये सरकारातून हेन्रीला हुकूम आला की पॅटिशल आणि रॅले यांच्या ज्या गुंडाळ्या तुझ्याजवळ आहेत त्या खजिन्यात जमा कर. सरकारी दफ्तर घरी ठेवण्याची सवय फक्त आपल्या फडणिसांनाच होती असे नाही. गुंडाळ्या गेल्या म्हणून ग्रंथ अपुरा राहिला, अशी मेटलंडची समजूत होती, आणि ती बरीच वर्षे चालली.

पण विचार करा. हा माणूस राजासमोरच्या न्यायालयात वर्षानुवर्षे बसला. त्या काळात त्याने स्वतः कितीतरी दावे ऐकले. ग्रंथ त्याने १२५० नंतर लिहिला असेल, तर त्याच्या स्वतःच्या न्यायालयातले दावे त्यात भरपूर हवे होते. ते फार थोडे आहेत. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्यांच्या दाव्यांनी मात्र पाने भरली आहेत. जुने न्यायाधीश चांगले आणि नवे बिघडलेले, असे त्याला वाटत होते, म्हणून त्याने जुनेच घेतले, असा या विसंगतीचा खुलासा केला जाई. खुलासा वाईट नाही, पण त्याने समाधान होत नाही.

येल विद्यापीठाच्या जॉर्ज वुडबाइनने या ग्रंथाच्या पन्नासेक उपलब्ध हस्तलिखितांना आयुष्य वाहिले. त्याची चार खंडांची लॅटिन आवृत्ती १९१५ ते १९४२ अशी सत्तावीस वर्षांत निघाली. त्याआधीची ट्रॅव्हर्स ट्विसची सहा खंडांची आवृत्ती इतकी ढिसाळ होती की तिच्याविषयी न बोललेले बरे. वुडबाइनच्या श्रमांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. यांतली एकही प्रत कर्त्याच्या हातची नाही, आणि समासातल्या भरी लेखनिकांनी जागोजाग मजकुरात ओढून घेतल्या आहेत, कधी योग्य जागी, कधी भलत्याच. आपल्याकडे ज्ञानेश्वरी सिद्ध झाल्यावर तीनशे वर्षांच्या आत तिच्या प्रती इतक्या बिघडल्या की शके १५०६ मध्ये एकनाथांना पाठ शुद्ध करावा लागला. ब्रॅक्टनला एकनाथ मिळायला साडेसहाशे वर्षे लागली, एवढाच फरक.

१९४१ मध्ये हर्मान कांटोरोविच या जर्मन पंडिताचे पुस्तक आले. रोमन कायद्याबाबत ग्रंथकर्ता कच्चा होता, असे मेटलंडने ठरवले होते. कांटोरोविचने म्हटले, कर्ता पक्का होता. चुका मागाहून हात फिरवणाऱ्याच्या आहेत. त्याने मांडलेले बरेच काही टिकले नाही, पण एक शंका रुजली : लिहिणारा वेगळा आणि हात फिरवणारा वेगळा असेल तर?

ही शंका सॅम्युअल थॉर्नने तडीस नेली. हार्वर्डचा हा प्राध्यापक वुडबाइनच्या पाठाचे इंग्रजी भाषांतर करीत होता. पहिले दोन खंड १९६८ मध्ये आले, उरलेले दोन १९७७ मध्ये. आणि तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत त्याने आपल्याच ग्रंथाच्या मुखपृष्ठावरचे नाव उखडले. त्याचे म्हणणे असे : ग्रंथाचा मोठा भाग १२२० ते १२४० या काळात, पॅटिशल आणि रॅले यांच्या कचेरीतल्या मंडळींच्या हातून तयार झाला. हेन्री ऑफ ब्रॅटनकडे तो गुंडाळ्यांबरोबर आला. त्याने थोडी भर घातली, थोडी दुरुस्ती केली.

याला आधार कोणता? मुख्य आधार कायद्यातल्या बदलांचा. १२३६ मध्ये मर्टन येथे काही नवी कलमे ठरली. त्यांतले एक विधवांविषयीचे. पतीच्या जमिनीतला जो हिस्सा विधवेला हयातीपुरता मिळे, त्यातल्या उभ्या पिकाची विल्हेवाट ती मृत्युपत्राने लावू शकेल, असे त्याने ठरले. ग्रंथात आधी जुना नियम चालू असल्यासारखा येतो आणि मग नव्या सवलतीची ठिगळजोड. दावे कोणत्या काळापर्यंत मागे नेता येतील याच्या मर्यादाही त्याच वर्षी बदलल्या, त्यांचीही अशीच गत. १२५० नंतर लिहायला बसलेला माणूस असे लिहिणार नाही. तो नवा नियम सरळ सांगेल. अंगरखा आधी शिवलेला होता आणि बाही मागाहून बदलली, हे शिवणीवरून कळते.

सगळ्यांना हे पटले असे नाही. ऑक्सफर्डच्या जॉन बार्टनने थॉर्नविरुद्ध तपशीलवार लिहिले. उलट तेराव्या शतकाचा कसून अभ्यास केलेल्या पॉल ब्रँडने थॉर्नची बाजू आणखी पुराव्यांनी बळकट केली. माझे मत ब्रँडच्या बाजूचे आहे. शिवणी इतक्या ठिकाणी दिसतात की योगायोग म्हणून सोडून देता येत नाहीत.

यात अडकलेली गोष्ट लहान नाही. थॉर्नपूर्वीच्या इतिहासकारांनी या ग्रंथावरून १२५० नंतरच्या कायद्याचे चित्र रंगवले होते. ग्रंथ एक पिढी आधीचा असेल, तर ते चित्र मॅग्ना कार्टाच्या लगतच्या वर्षांचे ठरते, आणि मधल्या पिढीत काय बदलले हे पुन्हा गुंडाळ्यांतूनच शोधावे लागते.

आता ते बाजूला ठेवलेले वचन. राजावर त्याच्या सरदारांची सभा आहे, आणि राजाला लगाम नसेल तर तो त्यांनी घालावा, या आशयाचा उतारा दानपत्रांच्या प्रकरणात येतो. थोड्याच अंतरावर ग्रंथ याच्या उलट सांगतो : राजाला त्याच्या राज्यात बरोबरीचा कोणी नाही, त्याच्याविरुद्ध रिट निघत नाही, फक्त विनंती करता येते. दोन्ही विधाने एका हातची असणे कठीण. शिवाय लगामाचा उतारा सगळ्या हस्तलिखितांत सारखा येत नाही. काहींत तो नाहीच. म्हणून बहुतेक संपादकांनी त्याला प्रक्षेप मानले आहे. ब्रॅडशॉने चार्ल्ससमोर वाचला तो नेमका हा उतारा. १५६९ च्या छापील पानावर मूळ मजकूर आणि भर यांत काही फरक दिसत नव्हता, आणि दिसला असता तरी त्या दिवशी त्याने फरक पडला असता असे वाटत नाही.

हा उतारा कोणाचा? १२५८ मध्ये सरदारांनी तिसऱ्या हेन्रीच्या हातून कारभार काढून घेतला, त्या धामधुमीतला असे एक मत. १२३० नंतरच्या तंट्यांच्या काळातला असे दुसरे. थॉर्नचे म्हणणे खरे असेल तर ग्रंथ ज्याच्या कचेरीत आकाराला आला, त्या विल्यम ऑफ रॅलेची हकीकत या ठिकाणी आठवते. राजाचा हा विश्वासू न्यायाधीश १२३९ मध्ये नॉर्विचचा बिशप झाला. विंचेस्टरच्या मठवाल्यांनी त्याला आपला बिशप निवडले. राजाला तिथे राणीचा मामा हवा होता. राजाने वर्षानुवर्षे अडवणूक केली. १२४४ मध्ये रॅले विंचेस्टरला पोचला तेव्हा राजाच्या हुकमाने शहराच्या वेशी त्याच्या तोंडावर बंद झाल्या, आणि त्याला काही काळ फ्रान्सला जाऊन राहावे लागले. पुढे समेट झाला. १२५० मध्ये तो फ्रान्सातच, तूर येथे वारला. कागदपत्रे मात्र इंग्लंडात, हेन्री ऑफ ब्रॅटनच्या घरी होती.